डोळ्यांना दिसलं ते डीएनएच्या यादीत नाही: कोल्हापुरात आणलेल्या देवबागच्या पाण्याचं प्रकरण

प्रकरण असं आहे. मार्च सरता सरता मालवणजवळच्या देवबागच्या समोर समुद्रावर तपकिरी थर तरंगत होता, लाकडाचा भुसा सांडल्यासारखा. होडीतल्या सगळ्यांनी बघितला, मोबाईलमध्ये फोटो आहेत, मायक्रोस्कोपखाली धरला तर नुसत्या त्याच्याच काड्यांच्या जुड्या. आणि त्याच पाण्यातनं डीएनए काढून, पीसीआर करून (हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढून), सिक्वेन्सिंगला (तुकड्यांची अक्षरं वाचायला) पाठवून जी यादी परत आली तिच्यात त्याचं नावच नाही. बाकी नावं भरमसाठ, काही तर आमच्यातल्या कुणी कधी ऐकलेली नव्हती, पण जे सगळ्यांनी बघितलं होतं तेच गायब. एमएस्सीची पोरगी एक्सेल वर-खाली करून थकली आणि म्हणाली, "सर, पैसे पाण्यात गेले की ओ."

पैसे गेले नव्हते. पण का गेले नव्हते हे कळायला बादलीपासून यादीपर्यंतचा सगळा रस्ता उलटा चालत जावं लागलं, आणि त्या रस्त्यात आणखी भानगडी निघाल्या ज्या माझ्या मते या भुशापेक्षाही महत्त्वाच्या आहेत. कोल्हापूर, सांगली, कराडच्या कॉलेजांतनं हल्ली बरीच पोरं ईडीएनए ईडीएनए (म्हणजे पाण्यातनं, मातीतनं गोळा केलेला डीएनए) करत कोकणात उतरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मांडणी सांगतो. आमच्या गावाला समुद्र नाही, रंकाळा तलाव आहे, आणि प्लँक्टन, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, मोजायचा हात इथल्या बऱ्याच जणांचा रंकाळा आणि पंचगंगेच्या पाण्यावरच बसलेला. आमच्या मॅडम त्यातल्याच, मायक्रोस्कोपवर बसल्या की चहा थंड होतो पण नजर हलत नाही. सर मॉलिक्युलरवाले. मी दोघांच्या मध्ये, पिपेट धरणारा. प्रश्न साधा ठेवला होता: किनाऱ्याजवळच्या पाण्यात प्लँक्टनची विविधता किती आहे हे मायक्रोस्कोपनं आणि डीएनएनं, दोन्हीनं एकाच पाण्यावर बघायचं आणि दोघांचं कुठं जुळतं, कुठं फाटतं ते लिहायचं. जागा देवबाग, कारण तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र, थोड्या अंतरात पाणी बदलतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं, त्याच्या हद्दीत आम्ही शिरलो नाही, परवानग्यांचं ते वेगळंच पुराण आहे.

होडीवाल्या काकांनी आमची बारीक जाळी हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "एवढ्या बारीक जाळ्यात मासो गावतलो काय?" मासा नको, पाण्यातलं न दिसणारं पाहिजे असं सांगितल्यावर त्यांनी तपकिरी थराकडं बोट केलं, "मग ह्या घेवा, ह्या दरवर्षी येता, पावसाच्या आदी." तेव्हाच मॅडम म्हणाल्या, ट्रायकोडेस्मियम असणार. अरबी समुद्रात आपल्या किनाऱ्याला फेब्रुवारी ते मे या काळात, समुद्र शांत आणि पाणी गरम असलं की हे फुलतं, हे बऱ्याच वर्षांपासून नोंदलेलं आहे. हवेतला नायट्रोजन पकडून वापरतं, त्यामुळं पाण्यात खत कमी असलं तरी याचं चालतं.

पाणी घेतानाची पद्धत नीट वाचा, पुढची सगळी गोष्ट इथंच ठरलीय. एकाच बादलीतलं पाणी दोन वाटांनी गेलं. एक भाग तसाच बाटलीत, त्यात लुगॉलचं आयोडीन, मायक्रोस्कोपसाठी. दुसरा भाग आधी २०० मायक्रॉनच्या जाळीतनं गाळला आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधनं ओढला, फिल्टरवर जे अडकलं तो डीएनएचा नमुना. मधली जाळी कशाला? कारण एक मोठा कोपेपॉड म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतला हजारो पेशींचा प्राणी, तो एकटा फिल्टरवर बसला तर सगळा डीएनए त्याचाच, आणि बाकीच्या एकपेशीय जनतेचा आवाज दाबला जातो. म्हणून मोठ्यांना आधी बाजूला काढतात. जाळीवर जे अडकलं ते टाकून दिलं नाही, अल्कोहोलमध्ये ठेवलं. ही सरांची सवय, काहीच टाकायचं नाही, आमचा फ्रीज त्यामुळं कायम फुल असतो, पण या वेळी ती सवय कामाला आली.

फॉर्मालिनचा एक थेंबही या कामात नको, हे जुन्या प्राणिशास्त्रवाल्यांना मुद्दाम सांगावं लागतं. फॉर्मालिननं शरीर छान टिकतं पण डीएनए तुटतो, जोडला जातो, पीसीआरला निकामी होतो. म्युझियममधल्या जुन्या बरण्यांतनं डीएनए काढायचा म्हणजे डोकेदुखी असते ती यामुळंच.

आता फिल्टर गार ठेवायचे कसे. मोठ्या संस्थांच्या बोटीवर द्रव नायट्रोजन असतो, उणे ८० चा फ्रीजर असतो. आमच्याकडं काय, एक बर्फाची पेटी. पण कोल्हापूर जिल्हा म्हणजे दुधाचा जिल्हा, आणि दुधाच्या जिल्ह्यात गावोगाव कृत्रिम रेतनवाले फिरतात, त्यांच्याकडं वळूचं वीर्य ठेवायला द्रव नायट्रोजनचे कॅन असतात, उणे १९६ अंशांचे. राधानगरीच्या बाजूच्या एका ओळखीच्या माणसाकडनं जादाचा कॅन मागितला. त्यानं विचारलं, "ह्यातनं म्हशी गाभण जात्यात, तुमचं पाणी काय जाणार हाय?" पण दिला. फिल्टर गुंडाळून छोट्या क्रायो-नळ्यांत आणि नळ्या कॅनमध्ये, मालवणहून कणकवली, फोंडा घाट, दाजीपूर करत थेट कोल्हापूर. एकच काळजी घ्यायची, गाडीच्या काचा उघड्या. नायट्रोजन हळूहळू उडत असतो, बंद गाडीत तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणसाला कळतही नाही, घाटात एसी लावून बसायची हौस केली तर महागात पडेल.

सोबत एक रिकामा नमुनाही आणला. होडीतच शुद्ध पाणी त्याच सामानातनं गाळून घेतलं, त्याचा फिल्टरही तसाच कॅनमध्ये. बऱ्याच जणांना हे फालतू वाटतं. माझ्या मते रिकामा नमुना नसेल तर यादी लिहूच नये.

लॅबमधलं काम भराभर सांगतो. डायॅटम या एकपेशीय शैवालाला सिलिकाचं कवच असतं, नुसत्या रसायनानं ते फुटत नाही, म्हणून बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून फोडायचं. मग डीएनए वेगळा करायचा. मग पीसीआर. आम्ही १८एस जीनचा व्ही४ हा भाग निवडला, साधारण ४०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा, समुद्रातल्या एकपेशीय जिवांसाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा, त्याच्यावरचे डेटाबेस त्यातल्या त्यात चांगले. सिक्वेन्सिंगची मशीन आमच्याकडं नाही, ते बाहेर पाठवलं. आलेल्या फाईल डाडा-२ मधनं काढल्या, म्हणजे मशीनच्या वाचनचुका वेगळ्या करून खरे तुकडे उरतात, त्यांना एएसव्ही म्हणतात, आणि ते तुकडे पीआर-२ नावाच्या डेटाबेसशी ताडून नावं लावली.

इकडं मॅडमनी सेजविक-राफ्टर सेलमध्ये मोजणी केली. एक मिलिलिटर पाणी, हजार चौकोन, आणि मान मोडेपर्यंत बसणं. त्यांच्या कागदावर पहिला नंबर ट्रायकोडेस्मियमचा, मग डायॅटम (स्केलेटोनेमा, कीटोसेरॉस, थॅलॅसिओसायरा, कॉसिनोडिस्कस वगैरे मंडळी), थोडे डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या दोऱ्यांनी पोहणारे एकपेशीय जीव), थोडी कोपेपॉडची पिल्लं, आणि एका कोपऱ्यात "लहान फ्लॅजेलेट, ओळख नाही" असा रकाना. डीएनएच्या यादीत सगळ्यात वर डायनोफ्लॅजेलेट, त्याखाली कोपेपॉड, मग डायॅटम, आणि मग लांबलचक शेपटी. ट्रायकोडेस्मियम शून्य.

आता शोध.

पहिला संशय सगळ्यांचा डीएनए काढण्यावर. पेशी फुटल्या नसतील, आयोडीन गेलं असेल, कॅन गरम झाला असेल. सगळ्यावर काथ्याकूट झाला. पण उत्तर त्याच्या आधीच्या पायरीवर होतं आणि खरं तर वहीतच लिहिलेलं होतं. १८एस हा जीन दृश्यकेंद्रकी जिवांचा, म्हणजे ज्यांच्या पेशीत केंद्रक असतं त्यांचा. ट्रायकोडेस्मियम हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे केंद्रक नसलेला जिवाणू. त्याच्याकडं १८एस नाहीच, १६एस आहे. डायॅटमबरोबर एकाच पानावर त्याची मोजणी होते, बीएस्सीला शैवालांच्या धड्यात तो शिकवला जातो, म्हणून डोक्यात तो शैवालांच्या गर्दीतच बसलेला असतो, पण पीसीआरच्या प्रायमरला (डीएनएवर बसून कुठला भाग वाढवायचा ते ठरवणाऱ्या छोट्या तुकड्याला) आपला अभ्यासक्रम माहीत नसतो. प्रायमरला ज्याच्यावर बसता येतं तेवढंच वाढतं, बाकीचं पाण्यात कितीही असलं तरी यादीत येत नाही.

"मग १६एस करू की सर," पोरगी म्हणाली. केलं. त्याच फिल्टरच्या डीएनएवर १६एस लावलं, आणि इथं गंमत झाली. ट्रायकोडेस्मियम आला, पण अगदी किरकोळ. वर कोण? सिनेकोकॉकस, म्हणजे एक मायक्रॉनच्या आसपासचा सायनोबॅक्टेरिया, जो मॅडमच्या सेलमध्ये दिसणं शक्यच नव्हतं, त्याला फ्लुरोसन्सचा मायक्रोस्कोप लागतो. शिवाय डायॅटमच्या हरितलवकातला १६एस पण त्याच यादीत घुसलेला, कारण हरितलवकं मुळात सायनोबॅक्टेरियापासनंच आलेली, प्रायमर त्यांच्यावरही बसतो. ते तुकडे वेगळे काढून ठेवावे लागतात, नाहीतर जिवाणूंच्या टक्केवारीत डायॅटम मोजले जातात.

पण समुद्रावर थर होता आणि यादीत किरकोळ, हे कसं? तर ती २०० मायक्रॉनची जाळी. ट्रायकोडेस्मियमच्या काड्या एकट्या फिरतात तशा जुड्या करूनही राहतात, आणि जुडी मिलिमीटरभराची होते. कोपेपॉड अडवायला जी जाळी लावली तिनंच जुड्याही अडवल्या. म्हणजे भुसा दोन दारांवर अडला होता, आधी जाळीवर आणि मग प्रायमरवर. अल्कोहोलमध्ये ठेवलेला जाळीवरचा माल काढला, त्याच्यावर १६एस चालवलं, आणि तिथं तो भरभरून सापडला. १६एसच्या छोट्या तुकड्यावरनं जातीपर्यंत जायची हिंमत आम्ही केली नाही, रिपोर्टात नुसतं ट्रायकोडेस्मियम लिहिलं.

इथं प्रकरण मिटलं असं सर म्हणाले. मॅडम म्हणाल्या मिटलं नाही, तुमच्या यादीत डायनोफ्लॅजेलेट वर कसे आले ते सांगा, माझ्या सेलमध्ये ते मूठभर पण नाहीत.

हा वाद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्यावरच सगळ्यात जास्त गोंधळ वाचायला मिळतो. सिक्वेन्सिंगनंतर प्रत्येक नावासमोर एक आकडा येतो, रीड्सचा, म्हणजे ते तुकडे मशीननं किती वेळा वाचले त्याचा. तो आकडा बघितला की हात शिवशिवतात, पाय-चार्ट काढावासा वाटतो, इतके टक्के हे आणि तितके टक्के ते. पण रीड म्हणजे पेशी नव्हे. १८एस जीनच्या प्रती प्रत्येक जिवात वेगवेगळ्या संख्येनं असतात. सगळ्यात बारीक समुद्री शैवालात एक-दोन, तर डायनोफ्लॅजेलेटात हजारोंच्या घरात. डायनोफ्लॅजेलेटांचा जीनोम तसाही अवाढव्य, काहींचा माणसाच्या जीनोमच्या कित्येक पट. त्यामुळं मूठभर डायनोफ्लॅजेलेट पाण्यात असले तरी नळीत त्यांचीच गर्दी. कोपेपॉडचं वेगळं. मोठे अडले जाळीवर, पण त्यांची अंडी, पिल्लं, तुटलेले पाय, विष्ठेच्या गोळ्या हे सगळं जाळीतनं आरामात जातं आणि ते सगळं बहुपेशीय.

सरांना हे पुस्तकी माहीत होतंच, पण मॅडमना दाखवायचं म्हणून एक छोटा प्रयोग केला. यीस्टच्या पेशी मोजून घेतल्या, माशांच्या टँकवाल्या दुकानातनं आर्टेमियाची अंडी आणून पिल्लं काढली, एक हिरवं शैवाल घेतलं, ठरावीक प्रमाणात मिसळून पूर्ण रस्ता तसाच चालवला. असल्या मुद्दाम बनवलेल्या मिश्रणाला मॉक कम्युनिटी म्हणतात. घातलेलं प्रमाण आणि बाहेर आलेलं प्रमाण यांचा मेळ बसला नाही, आणि बसणारच नव्हता, एकट्या यीस्टमध्येच या जीनच्या शे-दीडशे प्रती असतात. मॅडम खूश झाल्या. मग सरांनी हळूच विचारलं, "आणि तुमच्या कागदावरचा 'ओळख नाही'चा रकाना?"

कारण चूक एकाच बाजूची नव्हती. लुगॉल घातल्यावर कवच नसलेले नाजूक डायनोफ्लॅजेलेट आकसतात, गोल होतात, काही फुटून जातात, मग ते फ्लॅजेलेटच्या ढिगात जातात किंवा दिसतच नाहीत. त्या एका रकान्यात डीएनएनं जे दाखवलं ते बघण्यासारखं होतं: मायक्रोमोनाससारखी दोन मायक्रॉनच्या आतली हिरवी शैवालं, सिलिएटांचे (अंगावर केसांसारखे धागे असलेल्या एकपेशीय जिवांचे) नाना प्रकार, आणि सिंडिनियल्स. हे शेवटचे म्हणजे परजीवी. दुसऱ्या डायनोफ्लॅजेलेटच्या, सिलिएटच्या, कोपेपॉडच्या आत शिरून त्यांना आतनं खातात. समुद्रात हे इतके पसरलेले आहेत याचा अंदाज २००१ च्या सुमारास आला, आणि तोही डीएनएमुळंच, कारण बाहेर पोहणारा त्यांचा टप्पा इतका बारीक की मोजणाऱ्याच्या लेखी तो अजून एक ठिपका. रंकाळ्यापासून अरबी समुद्रापर्यंत प्लँक्टन म्हणजे कोण कुणाला खातं याची साखळी आपण शिकवतो, डायॅटम, कोपेपॉड, बांगडा, माणूस, त्या साखळीत परजीवी कुठंच नसतात. मॅडमनी यादीतला हा भाग प्रिंट काढून भिंतीला लावलाय.

स्केलेटोनेमाचं पण सांगतो. आपल्या किनाऱ्याच्या जुन्या याद्या काढा, जवळपास सगळीकडं स्केलेटोनेमा कोस्टॅटम. साखळीसारखा डायॅटम, ओळखायला सोपा, नाव पाठ. पण २००५ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि डीएनए दोन्ही लावून बघितल्यावर या एका नावाखाली अनेक जाती असल्याचं दाखवलं गेलं, एस. मारिनोई, एस. जापोनिकम, एस. डोहर्नी अशी नवी नावं तेव्हा आली. म्हणजे जुन्या यादीतला कोस्टॅटम नक्की कोण हे आता कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्या व्ही४ मध्ये स्केलेटोनेमाचे एकाहून जास्त एएसव्ही आले, त्यातल्या काहींना नीट नाव लागलं, काही दोन जातींत अडकले, कारण या जातींना वेगळं करायला २८एस या दुसऱ्या जीनचा तुकडा जास्त बरा. मॅडमच्या कागदावर नाव बदलून आता "स्केलेटोनेमा, जात नक्की नाही" आहे. वरकरणी हे मागं जाणं वाटतं, पण हेच खरं आहे.

मग आंब्याचा किस्सा. यादीत सपुष्प वनस्पती निघाल्या. समुद्रात फुलझाड? परागकण. मार्चमध्ये कोकणात काय काय फुललेलं असतं ते सांगायला नको, वाऱ्यानं समुद्रावर पडतात, नदीतनंही येतात. एकजण लगेच म्हणाला, देवगड हापूस समुद्रात सापडला, बातमी होईल. हापूस की काजू की वडाचं झाड हे १८एसच्या एवढ्याशा तुकड्यावरनं ठरत नाही, फार तर गट कळतो. असले जमिनीवरचे, शिवाय माणसाचे स्वतःचे तुकडे प्लँक्टनच्या यादीतनं काढून टाकतात. पण काढलं हे लिहून ठेवतात, गुपचूप नाही. आणि यातनंच दुसरा प्रश्न येतो: डीएनए आहे म्हणजे जीव तिथं जिवंत आहे का? नाही, तसं काही नाही. मेलेल्या पेशी, सुप्त अवस्था, सुटा डीएनए, सगळं फिल्टरवर बसतं, आणि समुद्राच्या पाण्यात सुटा डीएनए तासांपासनं काही दिवसांपर्यंत टिकू शकतो. खाडीच्या तोंडाशी तर ओहोटीबरोबर नदीतलं गोड्या पाण्याचं प्लँक्टनही येतं. आमच्या खाडीकडच्या नमुन्यात तसे तुकडे होते, समुद्राकडच्यात नगण्य. ते देवबागच्या समुद्रात "राहतात" असं म्हणायचं की "वाहत आले" म्हणायचं, हे नुसत्या यादीवरनं ठरत नाही, त्या वेळची खारटपणाची नोंद आणि भरती-ओहोटीची वेळ शेजारी लागते. ती वहीत होती म्हणून बरं.

रिकाम्या नमुन्याचं काय झालं? तो पूर्ण रिकामा नव्हता. थोडे रीड्स आले, आणि ते बरोबर शेजारच्या सगळ्यात भरलेल्या नमुन्यासारखे. याला टॅग जंपिंग म्हणतात. एकाच रनमध्ये बरेच नमुने एकत्र चालतात, प्रत्येकाला ओळखीची खूण जोडलेली असते, आणि थोड्या तुकड्यांची खूण अदलाबदल होते. कुठल्याही मशीनवर कमी-जास्त होतं. रिकाम्या नमुन्यात जेवढं आलं त्यावरनं खालची मर्यादा ठरवली आणि तिच्याखालचं सगळं शून्य धरलं. त्यात काही सुंदर दुर्मीळ नावं गेली. पोरीला वाईट वाटलं, एक नाव तर तिनं सेमिनारच्या स्लाईडवर टाकलं होतं. मॅडम म्हणाल्या, "अगं, असेल तर पुढच्या खेपेला परत येईल, पळून जात नाही."

राहिली ती नाव नसलेली मंडळी. यादीतल्या बऱ्याच एएसव्हींना गटापर्यंतच नाव लागलं, काहींना तेवढंही नाही. हे फक्त आमच्याकडं होतं असं नाही. 'तारा' नावाच्या शिडाच्या बोटीनं २००९ ते २०१३ या काळात जगभरच्या समुद्रांत नमुने गोळा केले, त्यातल्या दृश्यकेंद्रकी प्लँक्टनचा हिशोब २०१५ मध्ये आला, तेव्हा सुमारे दीड लाख प्रकारांचा अंदाज निघाला आणि त्यातला साधारण एक तृतीयांश कुठल्याच माहीत गटात बसत नव्हता. एवढ्या मोठ्या मोहिमेची ती अवस्था, तर आमच्या बादलीचं काय. पण आपल्याकडची अडचण थोडी जास्तीची आहे. डेटाबेसमध्ये नाव तेव्हाच असतं जेव्हा कुणीतरी तो जीव मायक्रोस्कोपखाली ओळखून, फोटो काढून, त्याच एका जिवाचा डीएनए वाचून टाकलेला असतो. आपल्या किनाऱ्यावरच्या कोपेपॉडांचं, शिंपल्यांच्या अळ्यांचं असं काम अजून थोडं आहे. देवबागला कालवं आणि तिसऱ्या काढून लोकांचं घर चालतं, त्यांच्या अळ्या पाण्यात कधी येतात हे डीएनएनं सांगता आलं तर खरा उपयोग, मायक्रोस्कोपखाली तर सगळ्या शिंपल्यांच्या अळ्या जवळपास सारख्याच दिसतात. पण त्यासाठी आधी बाजारातनं ओळखीचं कालव आणून त्याचा बारकोड (जात ओळखायला वापरायचा डीएनएचा तुकडा) काढून ठेवायला पाहिजे. ते काम करायला मोठी मशीन लागत नाही, ओळखणारा माणूस लागतो, आणि तो माणूस आता दुर्मीळ होत चाललाय. डीएनए आला म्हणून मायक्रोस्कोपवाले गेले असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो यामुळं.

आम्ही सुरुवात म्हणून जाळीवरच्या मालातनं कोपेपॉड एकेक वेचले, मॅडमनी ओळखले, फोटो काढले, मग प्रत्येकाचा सीओआय हा प्राण्यांच्या बारकोडचा जीन वाचला, १९९४ पासून चालत आलेल्या फोल्मर प्रायमरनी, साधारण ६५८ बेस. काहींनी वाचायलाच नकार दिला, या प्रायमरचं कोपेपॉडांशी नेहमीच जमतं असं नाही. जे वाचले गेले त्यातल्या काहींची डेटाबेसमधल्या त्याच नावाच्या जिवाशी जुळणी कमी आली. म्हणजे एकतर तिकडची ओळख चुकीची, नाहीतर नाव एक आणि जाती दोन. मॅडम म्हणतात दुसरं. सर म्हणतात अजून नमुने वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

शेवटी रिपोर्टात काय गेलं ते सांगतो. संख्या लिहायची ती मायक्रोस्कोपची, एका लिटरमागं किती पेशी. डीएनएच्या तक्त्यात टक्केवारी नाही, फक्त आहे किंवा नाही, आणि प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर कुठला जीन, कुठल्या जाळीच्या खालचं किंवा वरचं पाणी हे ठळक अक्षरात. पाय-चार्ट पोरीनं बनवला होता, तो सरांनी काढून टाकायला लावला. एकाच नमुन्यात रीड्सची तुलना करायची नाही, पण खाडी आणि समुद्र या दोन ठिकाणी त्याच एएसव्हीचं प्रमाण वाढलं की घटलं एवढं जपून बोलायचं, यावर दोघांचं एकमत झालं, कारण तिथं प्रतींची संख्या दोन्हीकडं सारखीच धरता येते.

एकमत झालं नाही ते विविधतेच्या आकड्यावर. शॅनन इंडेक्स, म्हणजे प्रकार किती आणि ते किती सारखे वाटलेले हे एकत्र सांगणारा आकडा, मॅडमना पाहिजे, कारण रंकाळ्याची जुनी सगळी कामं त्याच्यातच आहेत आणि तुलना करता येते. पण तो फक्त मायक्रोस्कोपच्या मोजणीवर काढायचा, रीड्सवर नाही, असं त्यांचं म्हणणं. सरांचं म्हणणं, मग नाव नसलेले शेकडो एएसव्ही विविधतेत धरायचेच नाहीत का, पाण्यात तर ते आहेत. सध्या दोन वेगळे तक्ते आहेत आणि मधे रेअरफॅक्शनचा (मोजत गेलं की नवे प्रकार कसे वाढतात त्याचा) एक आलेख, त्यात मायक्रोस्कोपची रेष लवकर सपाट होते आणि डीएनएची अजून चढतेय. पाऊस संपून समुद्र मोकळा झाला की परत देवबाग. या वेळी जाळीवरचं आणि खालचं, दोन्हीवर १८एस आणि १६एस दोन्ही लावायचं ठरलंय. कॅनचं त्या राधानगरीच्या माणसाला आत्ताच सांगून ठेवलंय, गणपतीनंतर त्याच्याकडं म्हशींचा सीझन असतो.